पदवी घरबसल्या, पण तास कुठून काढायचे?

डिचोलीहून म्हापशाला जाणारी बस मुळगाव आणि अस्नोड्यावरून जाते. या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला कॉलेज लांब पडते असे म्हणता येणार नाही. डिचोलीत झांट्ये कॉमर्स कॉलेज आहे. साखळीच्या सरकारी महाविद्यालयात कला, विज्ञान, वाणिज्य या तिन्ही शाखा आहेत. उलट्या दिशेला म्हापशात सेंट झेवियर आणि पुढे आसगावात ज्ञानप्रसारक मंडळाचे कॉलेज. पेडणेकरांसाठी विर्नोड्याचे संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी महाविद्यालय. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटातल्या विद्यार्थ्याच्या नशिबी जे अंतर येते ते इथे नाही. तरीही मुळगाव, मये, शिरगाव, तिकडे धारगळ, तोरसे या भागांत ‘बाहेरून बी.ए. करता येईल का?’ हा प्रश्न सतत कानावर येतो. विचारणारे बहुतेक तिशी-पस्तिशीतले असतात.

या भागात बारावीनंतर शिक्षण का थांबले, याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. खाणी जोरात होत्या तेव्हा घरात एक ट्रक असला की पदवीची घाई कुणाला नव्हती. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग काही काळ सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे मार्च २०१८ पासून पुन्हा बंद पडल्या. डिचोलीचा खाणपट्टा लिलावानंतर २०२४ मध्ये सुरू झाला खरा, पण मधल्या काळात बारावीच्या दाखल्यावर काय मिळते आणि काय मिळत नाही हे लोकांना चांगले कळले. मुलींची गोष्ट वेगळी. लग्न, बाळंतपण, सासूचे आजारपण यांत वर्षे निघून जातात आणि मूल पाचवीत गेले की बाईला आठवते की आपले एफ.वाय. अर्धे राहिले होते. पेडण्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाला, त्याने एक तिसरा गट तयार केला: पाळीने काम करणारी, हातात पगार असलेली आणि बढतीच्या वेळी ‘ग्रॅज्युएट आहात का?’ या प्रश्नाला अडणारी मुले.

या तिघांनाही कॉलेजचे वेळापत्रक आडवे येते. दूरशिक्षण निवडताना आधी हे लक्षात घ्यावे, कारण घेतलेल्या अभ्यासक्रमाने वेळेचा प्रश्न सुटत नसेल तर तो स्वस्त आहे, नामांकित विद्यापीठाचा आहे, याला काही अर्थ उरत नाही.

याच कारणासाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, काहींना ती रुचणार नाही. नुकत्याच बारावी झालेल्या, सकाळी बस पकडू शकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने दूरशिक्षणाच्या वाटेला जाऊ नये. कॉलेजात शिक्षक मिळतात, वाचनालय मिळते आणि मुख्य म्हणजे बरोबरीचे सोबती मिळतात. दूरशिक्षणात ही सगळी जमवाजमव स्वतः करावी लागते आणि अठराव्या वर्षी ती क्वचितच जमते. अशा विद्यार्थ्याला दूरशिक्षण जोड म्हणून घेता येते. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची मुभा दिली. एक वर्गात बसून आणि दुसरा दूरस्थ असे चालते.

घरबसल्या पदवीची ही सोय अलीकडची. गोमंतकीयाला शिकण्यासाठी घर सोडावे लागणे ही जुनी कहाणी. साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये संस्कृत शिकायला निघाले ते पुणे, काशी, नेपाळ करत पार सिंहलद्वीपापर्यंत पोचले. पोर्तुगीज अमदानीत पदवी हवी तर मुंबई, बेळगाव किंवा धारवाड गाठावे लागे. मुक्तीनंतर १९६२ मध्ये पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले ही कॉलेजे निघाली, ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. त्याच १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने देशातला पहिला पत्राद्वारे अभ्यासक्रम सुरू केला. मुंबई विद्यापीठाने तसा विभाग १९७१ मध्ये काढला. इंग्लंडमधल्या मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी त्याच वर्षी शिकू लागले. शालेय पात्रतेच्या अटीपलीकडे जाऊन प्रौढांना दार उघडणारे ते विद्यापीठ पुढे आपल्याकडच्या मुक्त विद्यापीठांना नमुना ठरले. १९८२ मध्ये हैदराबादला देशातले पहिले मुक्त विद्यापीठ निघाले. त्याचे पहिले कुलगुरू जी. राम रेड्डी हेच १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचेही, म्हणजे इग्नूचेही, पहिले कुलगुरू. गोवा विद्यापीठही १९८५ चेच. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले.

हा इतिहास मुळगावच्या माणसाला थेट भिडतो तो भाषेच्या मुद्द्यावर. डिचोली आणि पेडणे हे तालुके मराठी प्राथमिक शाळांचे. चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून इंग्रजी, अशा वाटेने इथली पिढी शिकली. इग्नूचे बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजी किंवा हिंदीत आहेत. नाशिकच्या विद्यापीठाची पुस्तके मराठीत आहेत, सोपी आणि घरी एकट्याने वाचता येतील अशी. पण राज्याच्या मुक्त विद्यापीठाला दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या राज्याच्या हद्दीतच चालवता येतो. नाशिकच्या विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र गोव्यात निघू शकत नाही, तुम्हाला ते सिंधुदुर्गात शोधावे लागेल. डिचोलीहून दोडामार्ग पणजीपेक्षा जवळ आणि पत्रादेवी ओलांडली की बांदा आलेच. तेव्हा रस्त्याची अडचण नाही, अडचण नियमाची आहे. गोव्याच्या रहिवाशाला त्या केंद्रात प्रवेश देता येतो का, हे विद्यापीठाच्या विभागीय केंद्राकडून लेखी घ्यावे. केंद्रचालकाच्या तोंडी हमीवर पैसे भरू नयेत. सिंधुदुर्ग मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो आणि त्या विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागात मराठीत एम.ए. करण्याची सोय आहे. चौकशीचा नियम तिथेही तोच.

हद्दीचा मुद्दा इतका ताणून का सांगतो? शेजारचे उदाहरण बघा. म्हैसूरच्या कर्नाटक राज्य मुक्त विद्यापीठाने राज्याबाहेर केंद्रे काढली, तांत्रिक अभ्यासक्रमही चालवले. २०१२-१३ नंतरच्या त्यांच्या अभ्यासक्रमांना मान्यता नाही, असे यूजीसीने २०१५ मध्ये जाहीर केले. २०१८-१९ पासून मान्यता परत मिळाली. मधल्या वर्षांत प्रवेश घेतलेल्यांचा दोष एवढाच की पाटीवर सरकारी विद्यापीठाचे नाव वाचून त्यांनी विश्वास ठेवला. त्याआधी छत्तीसगडच्या २००२ च्या कायद्याचा आधार घेऊन कागदावर निघालेली ११२ खाजगी विद्यापीठे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये रद्दबातल ठरवली. त्यासाठी न्यायालयात गेलेले गृहस्थ होते शास्त्रज्ञ यशपाल. पुढे २०१७ मध्ये, अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय पत्राने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांवर न्यायालयाने बोट ठेवले.

त्यामुळे मान्यता ‘विद्यापीठाला आहे ना?’ एवढ्यावर तपासून भागत नाही. ती अभ्यासक्रमागणिक आणि सत्रागणिक बघावी लागते. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, संकेतस्थळावर यादी असते. तुमच्या प्रवेशाचे वर्ष, जानेवारी की जुलै आणि अभ्यासक्रमाचे नेमके नाव, तिन्ही तिथे जुळले पाहिजे. २०२४ पासून विद्यार्थ्याने याच संकेतस्थळावरून डीईबी आयडी काढल्याखेरीज प्रवेशच होत नाही. लोक याला कटकट म्हणतात, मला तो विद्यार्थ्याच्या हातातला पहारेकरी वाटतो, कारण त्या निमित्ताने विद्यापीठाची मान्यताही तिथेच तपासून होते. अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या, औषधनिर्माण, कायदा, वास्तुशास्त्र, शेती, हॉटेल व्यवस्थापन यांच्या पदव्या दूरस्थ पद्धतीने देता येत नाहीत. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र हे विषयही बंद झाले. पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत काम करणाऱ्या एखाद्याला ‘घरबसल्या हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री’ असा फोन आला तर तो ठेवून द्यावा.

फोनवरून आठवले. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्यांना हद्दीचे बंधन नाही, परीक्षाही घरून कॅमेऱ्यासमोर देता येते. यांतल्या पुष्कळ मान्य आहेत. पण त्या विकणारे ‘काऊन्सेलर’ बहुधा मधल्या कंपन्यांचे असतात आणि ‘आजच सीट बुक करा’ म्हणतात. दूरशिक्षणात सीट संपण्याची भीती कसली? दुसऱ्या संस्थेला ठेका देऊन अभ्यासक्रम चालवायला नियमांत बंदीच आहे. फी विद्यापीठाच्याच खात्यात भरावी, कुणाच्या मोबाईल नंबरवर पाठवू नये. माझे मत विचाराल तर पहिल्या पदवीसाठी सरकारी मुक्त विद्यापीठच बरे. वर्षाची फी काही हजारांत भागते आणि अर्ध्यावर सुटले तरी कर्ज डोक्यावर राहत नाही.

नोकरीच्या दृष्टीने ही पदवी चालते. मान्यताप्राप्त दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या आहेत, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. गोवा सरकारच्या बहुतेक भरतीत वयाची मर्यादा ४५ असते, त्यामुळे पस्तिशीत सुरुवात केलेल्यालाही पदवीचा उपयोग करायला हातात काही वर्षे राहतात. पण त्याच जाहिरातींत कोंकणी येणे आवश्यक आणि मराठी येणे इष्ट असते, संगणकाची अट असते. एकट्या बी.ए.च्या भरवशावर बसू नये. शिक्षक व्हायचे असेल तर बी.एड. दूरस्थ पद्धतीने सेवेत असलेल्या शिक्षकांसाठीच असते, हे पदवीचे विषय निवडतानाच माहीत असलेले बरे.

आता तासांचा हिशोब. एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे ३० तास, असे इग्नू धरते. पदवीच्या एका वर्षाला साधारण ४० श्रेयांक पकडले तर १२०० तास झाले, म्हणजे वर्षभर रोज सव्वातीन तास. इतका अभ्यास कुणी करत नाही, हे विद्यापीठालाही ठाऊक आहे. त्याच्या निम्म्यात लोक पास होतात. पण निम्मा म्हटला तरी दीड तास रोज, आणि तो स्वयंपाक, पाळी, मुलांचा अभ्यास, देवळातली कामे हे सगळे वजा करून उरलेला. अर्ज भरण्याआधी एक आठवडा हा दीड तास काढून बघावा. वाचायला काहीही चालेल. इग्नूची बहुतेक पुस्तके त्याच्या ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट आहेत, हव्या त्या अभ्यासक्रमाचा पहिला खंड उतरवून घ्यावा. अधिक कसून बघायचे तर ‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावरचा एखादा मोफत अभ्यासक्रम पुरा करावा. तो पुरा झाला नाही तर पदवीचा विचार वर्षभर पुढे ढकलण्यात काही लाज नाही.

पुस्तके हा या व्यवस्थेचा सर्वांत चांगला भाग आहे. इग्नूचा एखादा खंड उघडून बघा. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे, मग छोटे-छोटे भाग आणि दर तीन-चार पानांनी बोधप्रश्नांची चौकट. चौकटीत उत्तर लिहायला ठिपक्यांच्या ओळी सोडलेल्या असतात आणि नमुना उत्तरे घटकाच्या शेवटी. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरून कुणीतरी विचारपूर्वक केलेले हे काम आहे. दुर्दैव असे की बहुतेकांच्या पुस्तकांतल्या त्या ठिपक्यांच्या ओळी शेवटपर्यंत कोऱ्या राहतात. वाचत जाणे सोपे, लिहिणे जड. पण परीक्षा तीन तास बसून हाताने लिहायची असते आणि दहा वर्षे सही आणि किराणाची यादी यापलीकडे पेन न धरलेल्या हाताला ती झेपत नाही. त्या ओळी भरणे हाच सराव. छापील पुस्तके नकोत म्हटले तर फीत १५ टक्के सूट मिळते. ती सूट मोहात पाडते, पण मोबाईलच्या पडद्यावर असा अभ्यास होत नाही.

इंग्रजीतून उत्तरे लिहायची भीती हा आपल्याकडचा खरा अडथळा. त्यावर उपाय म्हणून विषय आधी मराठीत समजून घ्यावा. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे आणि इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांतल्या संकल्पनांवरच्या त्याच्या नोंदी पदवीच्या अभ्यासाला पुरून उरतात. नोंद मराठीत वाचायची, मग इंग्रजी घटक, मग दहा ओळी स्वतःच्या साध्या इंग्रजीत. हिंदी बरे असेल तर हिंदी माध्यम घ्यायलाही संकोच नको. देवनागरी हाताला सवयीची असते, वाक्येही भराभर सुचतात. पणजीत पाटो भागातल्या कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात मराठी संदर्भग्रंथ आहेत, महिन्यातून एखादी खेप तिथे जरूर टाकावी.

इग्नूच्या गुणांत असाइनमेंटचा वाटा ३० टक्के, परीक्षेचा ७०. असाइनमेंट दिली नाही तर निकाल अडतो, हे नवख्यांना शेवटी कळते. त्या हाताने लिहायच्या, ए-फोर कागदावर. वर पहिल्या पानावर नावनोंदणी क्रमांक, अभ्यासक्रमाचा कोड, अभ्यासकेंद्राचा कोड आणि दर विषयाची वेगळी फाईल. देण्याआधी सगळ्याची झेरॉक्स काढावी आणि पावती घ्यावी. ती पावती निकाल लागेपर्यंत जपावी, कारण गुण नोंदले गेले नाहीत तर तोच एक पुरावा. बाजारात तयार असाइनमेंट विकत मिळतात, व्हॉट्सॲपवर फिरतात. त्या उतरवून ३० टक्के मिळतील, उरलेल्या ७० चे काय करणार? शिवाय नावनोंदणी दर वर्षी पुन्हा करावी लागते. पहिल्या वर्षी नापास झाला तरी दुसऱ्या वर्षाची फी मुदतीत भरता येते आणि राहिलेले विषय नंतर सोडवता येतात. ‘पहिले पूर्ण होऊ दे, मग बघू’ म्हणून थांबलेली माणसे बहुधा परत येत नाहीत. तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षे मिळतात, ती याचसाठी. नव्या शैक्षणिक धोरणानुसार एक वर्ष पुरे करून थांबलेल्याला काही अटींवर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनी पदविका मिळण्याची सोय झाली आहे, पण ती आधार म्हणून ठेवावी, बेत म्हणून नव्हे.

संपर्कसत्रांबद्दल फार आशा धरू नये. रविवारी केंद्रावर जावे तर कधी चार विद्यार्थी, कधी सत्रच रद्द. त्यापेक्षा एकाच अभ्यासक्रमाची दोघे-तिघे गावात किंवा डिचोली औद्योगिक वसाहतीत सापडली तर ती सोबत अधिक टिकते. आणि घरच्यांना सांगून टाकावे. लपूनछपून शिकणारी बाई परीक्षेच्या दिवशी पाहुणे आले की घरीच अडकते. नवऱ्याला, सासूला तारीख आधीच माहीत असली तर निदान भांडण तरी आधी होते.

शेवटी राहिला जानेवारी की जुलै हा प्रश्न. माहितीपत्रकात त्यावर काही लिहिलेले नसते, पण इथल्या माणसाला तोच सर्वांत जास्त नडतो. इग्नूच्या वार्षिक अभ्यासक्रमात जुलैत प्रवेश घेतला की परीक्षा पुढच्या जूनमध्ये आणि असाइनमेंटची मुदत साधारण एप्रिलअखेर. म्हणजे शिगमो आटोपून लिहायला बसावे तर वैशाखात शिरगावच्या लईराईची जत्रा तोंडावर येते. घरात धोंड, म्हणजे जत्रेसाठी व्रत धरणारा भक्त, असेल तर त्याचे व्रत, त्याचे वेगळे जेवण, स्नाने यांत सगळे घर गुंतते. लईराईची बहीण केळबाय मुळगावचीच, तेव्हा पाहुण्यांचा राबता ठरलेला. जूनमध्ये परीक्षा म्हणजे पहिला पाऊस आणि ज्यांची शेती आहे त्यांची पेरणी. जानेवारीत प्रवेश घेतला तर परीक्षा डिसेंबरात आणि असाइनमेंट ऑक्टोबरअखेर. मध्ये चवथ आहे, पुढे दिवाळी. हे एक वेळ सांभाळता येते, पण पेडण्याच्या किनाऱ्यावर किंवा विमानतळावर कामाला असलेल्याला डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम, तेव्हा रजा मागायची सोय नाही. म्हणून हॉटेल, टॅक्सी, विमानतळ यांत असलेल्यांनी जुलैचा प्रवेश घ्यावा, जूनमध्ये त्यांना सवड असते. शेती आणि देवस्थानाच्या कामांत गुंतलेल्यांना जानेवारी सोयीचा. कारखान्यात पाळीवर असलेल्यांनी वर्षाचे पाळीपत्रक समोर ठेवून ठरवावे आणि हॉल तिकीट आले की त्याच दिवशी रजेचा अर्ज द्यावा. परीक्षेचे केंद्र अर्जात निवडायचे असते. म्हापसा की पणजी हे ठरवताना सकाळच्या पेपरला आपल्या थांब्यावरून पहिली कदंब बस किती वाजता सुटते ते बघूनच खूण करावी.